अठ्ठावीस नंबरची तार

नगर जिल्ह्यात तांब्याची बारीक तार हवी असेल तर सराफ बाजाराची पायरी चढावी लागत नाही. ऊस आणि विहिरींच्या या मुलखात राहाता, राहुरी, श्रीरामपूर, नेवासा, कुठेही उतरावं. स्टँडच्या आसपास मोटार रिवायंडिंगचं एखादं दुकान सापडतंच. दाराशी जळालेल्या मोटारींची रांग, आत तांबूस-सोनेरी तारेची रिळं आणि प्रत्येक रिळावर चिकटवलेला नंबर. शेतकऱ्याची मोटार भरायला लागणारी ही तार घरी बसून नथी, कानातली, तारेची कडी करणाऱ्या बायकांच्याही कामाची असते. दुकानदार किलोच्या भाषेत बोलतो, शंभर ग्रॅमचं गिऱ्हाईक त्याला जरा गमतीचं वाटतं. पण तो पहिला प्रश्न मात्र अगदी नेमका विचारतो: नंबर कितीचा?

घोळ इथेच सुरू होतो. मोबाइलवर व्हिडिओ पाहून शिकलेली बाई ‘अठ्ठावीस’ म्हणते, दुकानदार अठ्ठावीस नंबरची तार तोलून देतो, आणि घरी आल्यावर ती तार मोत्याच्या भोकातून दुसऱ्यांदा जात नाही. चूक दोघांचीही नसते. दोघांचे अठ्ठावीस वेगळे असतात.

आपल्याकडच्या बाजारात चालतो तो ब्रिटिशांचा स्टँडर्ड वायर गेज. इंग्लंडात १८८४ मध्ये तो कायदेशीर झाला, साहेबाच्या मालाबरोबर इकडे आला आणि साहेब गेल्यावरही राहिला. भारताने १९५६ मध्ये कायदा करून दशमान वजनं-मापं स्वीकारली, पण मोटार भरणाऱ्याच्या आणि पत्रेवाल्याच्या तोंडून गेज काही गेला नाही. दुसरीकडे दागिने शिकवणारे बहुतेक परदेशी व्हिडिओ आणि पुस्तकं बोलतात ती अमेरिकन गेजची भाषा. ब्राऊन अँड शार्प या अमेरिकन कंपनीने १८५७ मध्ये ती मापं बसवली. दोन्हींत नंबर वाढला की तार बारीक होते, कारण पूर्वी तार जितक्या भोकांतून ओढली तितका तिचा नंबर धरत. साम्य इथेच संपतं. ब्रिटिश अठ्ठावीस म्हणजे ०.३७६ मिलिमीटर, अमेरिकन अठ्ठावीस म्हणजे ०.३२१. कागदावर फरक केसाएवढा दिसतो. वजनात तो असा उतरतो: शंभर ग्रॅम तांब्यात ब्रिटिश अठ्ठावीस सुमारे १०० मीटर बसते, अमेरिकन अठ्ठावीस जवळजवळ १३८ मीटर. म्हणजे तेवढ्याच वजनात अडतीस मीटर जास्त मिळतात, पण तारेचा छेद एक चतुर्थांशाहून अधिक बारीक होतो आणि ती तितकीच लवकर तुटते.

जाड तारेत हाच फरक अंगाला लागतो. परदेशी व्हिडिओत कानातल्याचा आकडा वीस गेजचा करा म्हणून सांगतात, तेव्हा त्यांच्या मनात ०.८१ मिलिमीटरची तार असते. इथल्या दुकानातून वीस नंबर आणला तर ती ०.९१ भरते. टोचलेल्या कानाला तो दहावा हिस्सा कळतो. आकडा घालताना बाई तोंड वाकडं करते आणि करणारीला वाटतं, आपलं टोक नीट घासलं गेलं नाही. त्या कामाला इथला एकवीस नंबर मागायला हवा होता.

यावर उपाय सोपा आहे. नंबराबरोबर मिलिमीटरही विचारावेत. रिवायंडिंगवाल्याकडे मायक्रोमीटर असतोच, रोजच्या कामाला लागतो. तो नसेल तर पेन्सिलीवर तारेचे वीस वेढे एकमेकांना चिकटून घालायचे, शाळेच्या पट्टीने त्या वेढ्यांची रुंदी मोजायची आणि विसाने भागायची. साडेसात मिलिमीटर आले तर तार ब्रिटिश अठ्ठावीस, साडेसहाच्या आत आले तर अमेरिकन. एवढ्या साध्या मोजणीने शंभर रुपयांची तार आणि अर्धा दिवस वाचतो.

तार कोणती घ्यायची हा प्रश्न तारेपासून सुरू करू नये, भोकापासून करावा. मराठी दागिन्यांत याचं सगळ्यात चोख उदाहरण नथीचं. नथ हा मुळात तारेचाच दागिना आहे. मोत्यांचा झुपका आणि मधला लाल किंवा गुलाबी खडा डोळ्यांत भरतो म्हणून तार दिसत नाही इतकंच. एक जाड तार नथीचा आकार धरते आणि नाकात अडकते. दुसरी बारीक तार एकेक मोती त्या जाड तारेला बांधत जाते. बांधणारी तार मोत्यातून एकदा जाते, जाड तारेला वेढा घेते आणि पुष्कळदा त्याच मोत्यातून परत येते. बाजारात मिळणाऱ्या गोड्या पाण्याच्या मोत्यांची भोकं साधारण ०.६ ते ०.८ मिलिमीटरची. आता हिशोब करून पाहावा. ब्रिटिश अठ्ठावीसचे दोन पदर शेजारी ठेवले तर ०.७५ होतात, म्हणजे मोठ्या भोकातून जेमतेम जातील. सव्वीस नंबरचे दोन पदर ०.९१ होतात, ते जाणार नाहीत, आणि जबरदस्ती केली तर मोती चिरेल. बारीक भोकाचे मोती असतील तर तीसवर उतरावं लागतं, तिचे दोन पदर ०.६३ भरतात. प्लॅस्टिकच्या मोत्यांची भोकं ऐसपैस असतात, तिथे हा विचारच पडत नाही. म्हणूनच प्लॅस्टिकवर हात बसलेली बाई खऱ्या मोत्यांना हात घालते तेव्हा पहिल्या दिवशी वैतागते.

आकार धरणाऱ्या तारेचं गणित उलटं. तिथे बारीकपणा नको, ताठपणा हवा, आणि ताठपणा जाडीच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. गोल तारेचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. वीस नंबरची तार बावीसपेक्षा फक्त ०.२ मिलिमीटरने जाड, पण वाकवायला पावणेतीन पट कठीण. चोवीसशी तुलना केली तर सातपट. त्यामुळे नथीचा सांगाडा बावीसचा केला आणि ती घालून मिरवणुकीत नाचताना वाकली, तर पुढच्या वेळी एकदम सोळावर उडी मारायची गरज नसते. दोन नंबर खाली आलं तरी पुरतं.

जी नथ न टोचलेल्या नाकात अडकवायची, त्या चापाच्या नथीत आणखी एक अट येते. चाप उघडला की परत मिटला पाहिजे, म्हणजे तारेत उसळी हवी. तांब्याची नवी तार नरम असते, ती दाबली तशी राहते. चापाला पितळ बरं, तेही कडक केलेलं.

हे नरम-कडक प्रकरण धातूइतकंच महत्त्वाचं आहे आणि दुकानात त्याची चौकशी क्वचितच कोणी करतं. तीच तार, तोच नंबर, तोच धातू. पण ती तावून घेतलेली आहे की ओढून तशीच गुंडाळलेली आहे, यावर हातातलं वागणं ठरतं. धातूची तार वाकवली, पिळली, ठोकली की कडक होत जाते. फार वेळा वाकवली की तुटते. लहानपणी खेळण्याची तार मागेपुढे करून तोडलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. तापवून फिकट लालसर केली की पुन्हा नरम. सोनार याला तावणं म्हणतात. मोटार भरायची तांब्याची तार कारखान्यातूनच तावून आलेली असते, कारण तिला बारीक खाचांत मुकाट्याने बसायचं असतं. म्हणून वेढे घालायला ती उत्तम. तिच्यावर वार्निशसारखा पातळ थर असतो, तो रंग टिकवतो. मात्र तो थर जाळून काढायचा उद्योग घरात करू नये, धूर वाईट असतो. कानाच्या आकड्याची टोकं बारीक पॉलिश पेपरने घासली की झालं. जळालेल्या मोटारीतून काढलेली तार फुकट मिळते म्हणून कोणी देऊ केली तर तीही टाळावी. थर ठिकठिकाणी उडालेला असतो आणि ओढून काढताना तारेला पडलेले मोड निघत नाहीत.

धातूंबद्दल थोडक्यात. तांबं स्वस्त, नरम, पण घामाने काळवंडतं आणि अंगाला हिरवं लागतं. ते धुतलं की जातं. पितळ जरा ताठ, रंग सोन्याच्या जवळचा, म्हणून नकली नथींत तेच जास्त. ॲल्युमिनिअम अगदी हलकं, तांब्याच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी वजनाचं. मोठाल्या कानातल्यांना छान, पण डाख लावायला त्रासाचं. जर्मन सिल्व्हर हे नाव फसवं आहे. त्यात चांदी गुंजभरही नसते. तांबं, जस्त आणि निकेल एवढंच असतं. निकेलची अनेकांच्या कातडीला खाज सुटते, पुरळ येतं. युरोपात त्वचेला लागणाऱ्या दागिन्यांतून किती निकेल सुटू द्यायचं याला कायद्याची मर्यादा आहे, आणि टोचलेल्या कानानाकात जाणाऱ्या भागाला ती अधिक कडक आहे. आपल्याकडे नाक टोचून अजून जखम ओली असलेल्या पोरीला बाजारातली कुठलीही चमकी घालतात, ते खरोखर थांबायला हवं. नाकाकानात जाईल तेवढा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा चांदीचा किंवा सोन्याचा ठेवला तरी खर्च फार वाढत नाही.

तांब्याशी या जिल्ह्याची ओळख मोटारींपेक्षा पुष्कळ जुनी आहे. संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठी जोर्वे आहे. तिथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झालं, आणि तिथल्या मातीच्या भांड्यांवरून महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला या गावाचं नाव मिळालं. त्या गावात तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी सापडल्या आणि त्यांच्याबरोबर एक बांगडी. तीन हजार वर्षांपूर्वी नगरच्या मातीत कोणीतरी धातूची कांब मनगटाच्या मापाने वाकवली होती. त्याच प्रवरेच्या काठी श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद. तिथे १९७४ मध्ये हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ अशी चार धातुशिल्पं मिळाली; चारींचं मिळून वजन साठ किलोच्या वर. तारेच्या भाषेत सांगायचं तर, निव्वळ तांब्याची धरली तर अठ्ठावीस नंबरची साठ किलोमीटर तार.

बांगडीचं माप घेताना आजही चूक होते, आणि ती जोर्व्याच्या कारागिराने बहुधा केली नसती. समजा, तारेचं कडं करायचं आहे, मधे चौदा नंबरची जाड तार आणि तिच्यावर चोवीसचे दाट वेढे. माप दोन-सहा. कासाराच्या भाषेत दोन-सहा म्हणजे आतला व्यास दोन इंच आणि वर सहा सोळांश इंच, मिलिमीटरमध्ये ६०.३. शाळेतलं सूत्र लावून ३.१४ ने गुणलं की १८९ मिलिमीटर येतात, आणि बहुतेक जणी तेवढीच तार कापतात. कडं बारीक होतं. कारण तार वाकते तेव्हा तिची आतली बाजू आवळते, बाहेरची ताणते आणि लांबी फक्त मधल्या रेषेवर तीच राहते. म्हणून आतल्या व्यासात तारेची जाडी मिळवायची: ६०.३ अधिक २, त्याला ३.१४ ने गुणायचं, १९६ मिलिमीटर. हे सात मिलिमीटर म्हणजे हात जाणं आणि न जाणं यातला फरक. वेढ्यांची जाडी आतूनही जागा खाते, मापातून आणखी मिलिमीटरभर जातं. म्हणून वेढ्यांचं कडं करायचं तर गाभा थोडा मोठाच धरावा. झुमक्याच्या छोट्या कड्यांनाही हाच नियम लागतो. आतून पाच मिलिमीटरची कडी वीस नंबरच्या तारेची करायची तर एका कडीला साडेअठरा मिलिमीटर, शंभराला एक मीटर पंच्याऐंशी सेंटिमीटर, आणि कापण्यातली घट वेगळी.

आता त्या कड्यावरचे वेढे. चोवीस नंबर म्हणजे ०.५६ मिलिमीटर. एकशे शहाण्णव मिलिमीटरच्या गाभ्यावर एकाला एक चिकटून सुमारे ३४० वेढे बसतात, आतल्या बाजूला थोडे दाटतात म्हणून पूर्ण साडेतीनशे बसत नाहीत. एका वेढ्याला किती तार? गाभ्याची जाडी दोन, त्यात वेढ्याच्या तारेची जाडी मिळवून २.६, गुणिले ३.१४, म्हणजे आठ मिलिमीटरांहून थोडी जास्त. तीनशे चाळीस वेढ्यांना पावणेतीन मीटर. सुरुवातीला धरायला आणि शेवटी खोचायला लागणारी तार मिळवून तीन मीटर कापावी.

गंमत पुढे आहे. चौदा नंबरच्या त्या गाभ्याचं वजन भरतं ५.७ ग्रॅम. आणि ती नाजूक दिसणारी, जिच्याकडे किंमत लावताना कोणी पाहतही नाही अशी चोवीस नंबरची तार भरते सहा ग्रॅमच्या वर. कड्यात गाभ्यापेक्षा वेढ्याचा धातू जास्त! बचत गटाच्या प्रदर्शनात अशी कडी मांडणाऱ्या बाया जाड तारेची किंमत धरतात, बारीक तार ‘थोडीशी लागते’ म्हणून सोडून देतात आणि हंगाम संपला की पैसे कुठे गेले ते कळत नाही.

हा सगळा हिशोब पट्टीने करण्यापेक्षा तराजूने करणं सोपं आहे, आणि इथे अठ्ठावीस नंबर एकदम कामाला येतो. योगायोगाने ब्रिटिश अठ्ठावीस नंबरची तांब्याची तार मीटरला जवळजवळ अचूक एक ग्रॅम भरते. म्हणजे एक दशांश ग्रॅम म्हणजे दहा सेंटिमीटर, आणि ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा असेल तर एकेक सेंटिमीटर तार त्यावर मोजता येते. नथ करायला घेण्याआधी रीळ तोलावं, नथ झाल्यावर पुन्हा तोलावं. फरक अर्धा ग्रॅम आला तर अर्धा मीटर तार गेली. वीसेक मोत्यांच्या मध्यम नथीला साधारण तेवढीच लागते: प्रत्येक मोत्यामागे दीड सेंटिमीटर, आणि वर हाताला धरायला पंधरा-वीस सेंटिमीटर, जी शेवटी कापून टाकावी लागते. दहा नथींचा आकडा वहीत लिहिला की अकराव्यापासून अंदाज करायची गरजच पडत नाही. इतर नंबरांसाठी दोन आकडे पाठ असले तरी भागतं. तांब्याची चोवीस नंबरची तार मीटरला २.२ ग्रॅम, वीसची ५.९. चांदीची धरायची तर याच्या सव्वापटीपेक्षा किंचित कमी, ॲल्युमिनिअमची तिसऱ्या हिश्शाहून कमी.

सोनार हे पिढ्यान्‌पिढ्या असंच करत आले. त्यांच्या हिशोबात लांबी नव्हती, वजनच होतं. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. आजच्या मापात जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आता दुकानात दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात, आजीच्या पाटल्यांचा आणि नातसुनेच्या बांगड्यांचा तोळा एक नव्हे. बावीस कॅरेट सोन्याची वीस नंबरची तार एक मीटर घेतली तर तिचं वजन सुमारे ११.६ ग्रॅम भरतं, म्हणजे जवळजवळ बरोबर एक जुना तोळा. लालचुटूक, डोक्यावर काळा ठिपका असलेली गुंजेची बी तराजूत टाकली की तिच्या भाराची तार सोनाराला डोळ्यांनीच कळे.

सोनाराकडे तार विकत येत नसे, तो ती ओढत असे. सोनं मुशीत वितळवायचं, त्याची कांब ओतायची, ऐरणीवर ठोकून बारीक करायची आणि मग जंत्रीतून काढायची. पंचांगातली जंत्री वेगळी. ही म्हणजे पोलादाची पट्टी, तिच्यात क्रमाने लहान होत जाणारी भोकं. कांबेचं टोक कानशीने निमुळतं करून एका भोकातून घालायचं, पलीकडून सांडशीने धरायचं आणि अंगाचा भार टाकून ओढायचं. मग पुढचं भोक. मधेमधे तावून नरम करायची, मेणाचा हात फिरवायचा. यात धातू कमी होत नाही, फक्त पसरतो. जाडी निम्मी झाली की लांबी चौपट होते, पाव झाली की सोळापट. सोन्याइतका पसरणारा दुसरा धातू नाही. एका ग्रॅमची तार दोन किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, अर्थात ती कोणी नथीला वापरणार नाही.

या ओढण्यावर एकदा सरकारचाही हात पडला होता. जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्णनियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरेटपेक्षा जास्त कसाचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. देशभरच्या सोनारांच्या पोटावर पाय आला. ज्यांच्या हातात काम राहिलं त्यांना वेगळाच धातू हाताळावा लागला: चौदा कॅरेटमध्ये दहा भाग तांबं-चांदी असते, अशी तार ताठ आणि हट्टी, जंत्रीतून काढताना सारखी तावावी लागते. पुढे नियम सैल झाले, १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदाही १९९० मध्ये रद्द झाला. आता सोन्याच्या दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी हॉलमार्क ओळखक्रमांक लागतो. पण दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तूंना ती सक्ती नाही. बारीक तारेची छोटी नथ पुष्कळदा या दोन ग्रॅमांच्या अलीकडेच राहते. तिथे गिऱ्हाइकाच्या हाती सोनाराचा शब्द आणि त्याने दिलेली पावती एवढंच असतं.

मंगळसूत्राच्या बाबतीत तारेचा अंदाज सर्वांत जास्त चुकतो. पूर्वी काळे मणी रेशमात किंवा सुतात ओवून गाठवून घेत; आता तारेत केलेली पोत जास्त पसंत करतात, कारण ती तुटत नाही. तारेच्या पोतीत प्रत्येक मण्याला स्वतःचा तुकडा असतो: मण्यातून गेलेला, दोन्ही टोकांना छोटा गोल डोळा केलेला आणि शेजारच्या डोळ्यात अडकवलेला. अडीच मिलिमीटरचा मणी, ०.४ मिलिमीटरची तार आणि आतून सव्वा मिलिमीटरचे डोळे धरले, तर एका डोळ्याला पाच मिलिमीटर तार जाते. दोन डोळे आणि मणी मिळून साडेबारा. असा जोडलेला एक दुवा माळेत मात्र पाचच मिलिमीटर जागा भरतो. म्हणजे तयार पोतीच्या अडीचपट तार. साठ सेंटिमीटरच्या पोतीला दीड मीटर. बावीस कॅरेटमध्ये ती सव्वातीन ग्रॅमच्या आसपास, चांदीत दोन ग्रॅम. गिऱ्हाईक विचारतं, ‘एवढ्याशा तारेला एवढं सोनं कसं?’ तेव्हा त्या अडीचपटीत उत्तर असतं. अर्थात मणी मोठे घेतले की पट कमी होते, डोळे मोठे केले की वाढते. म्हणून चार मणी जोडून, ते तोलून, मग गुणाकार करणं सगळ्यात भरवशाचं. वर दहावा हिस्सा कापण्यात जातो. चांदीचे असे तुकडे डबीत साठवले तर वर्षाला एखादी जोडवी निघते. सोनाराच्या दुकानाबाहेरची माती चाळून सोनं काढणारे झारेकरी तर याच तुकड्या-कणांवर घर चालवत आले.

काही कामांना तार नकोच असते. खूप जड दगडांच्या माळेला नायलॉनचा थर दिलेली पोलादी दोरी लागते. बाजारात तिला टायगर टेल म्हणतात. सात पदरांची स्वस्त आणि ताठ, एकोणपन्नास पदरांची महाग पण गळ्यावर मऊ पडणारी. तिच्या टोकाला गाठ बसत नाही, मऊ धातूचा मणी चेपून बंद करावा लागतो, आणि तांब्यासाठी ठेवलेल्या चांगल्या कटरने ती कापली तर कटरला खाच पडते. पोरांच्या स्वस्त माळांना तंगूस चालतो, पण तो उन्हाने पिवळा पडतो. मोत्यांना मात्र अजून रेशीमच. प्रत्येक मोत्यानंतर गाठ मारत जायचं तर माळेच्या चौपटीहून थोडा जास्त धागा घ्यावा, कारण तो दुहेरी असतो आणि गाठींत खपतो. गाठ असली की माळ तुटली तरी एकच मोती पडतो, बाकीचे गळ्यात राहतात.

रेशमात दागिना ओवण्याची ही रीत जिल्ह्यात किती जुनी आहे, याचा एक पुरावा नेवाशात निघाला. ज्ञानेश्वरांनी जिथे ज्ञानेश्वरी सांगितली ते हे गाव. ओवी हा शब्दही ओवण्यावरूनच आला असं मानतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते ५६ या काळात प्रवरेकाठची ती जागा उकरली. ताम्रपाषाणयुगातल्या एका लहान मुलाच्या दफनात गळ्याशी तांब्याच्या मण्यांची माळ होती. ओवलेला धागा मातीत कधीच कुजून जायला हवा होता. पण तांब्यावर चढलेला तो हिरवा गंज, जो आज हाताला लागला की बाया साबणाने घासून काढतात, तो धाग्यात मुरला होता आणि त्यामुळे मण्यांच्या पोटात धाग्याचे तुकडे टिकून राहिले. प्रयोगशाळेत तपासले तेव्हा ते रेशमाचे निघाले, आणि त्यांत कापसाचेही तंतू होते.